नकाशा भाग दुसऱ्यात पाहावा

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेली माणसं साधारणपणे ऊस लावतात, नाहीतर सोसायटीच्या राजकारणात पडतात. उंब्रजच्या भाऊसोंनी दोन्ही सोडून धरणांचे जुने अहवाल जमवायला घेतले. इंग्रजांच्या काळातले, जाडजूड, बोट लावलं की पानाचा तुकडा पडणारे. कुठल्या बंधाऱ्याला कुठला चुना वापरला, कुठला दरवाजा पुरात वाहून गेला, हे त्यांना घरातल्या वाढदिवसांपेक्षा चोख पाठ. आपलं डोकं फिरलंय याबद्दल त्यांना स्वतःलाही फारशी शंका नव्हती. फक्त ते आवरत नव्हतं.

त्यातही त्यांचा जीव एका अहवालात अडकला होता. कृष्णेच्या खोऱ्यातल्या बंधाऱ्यांचा हा अहवाल दोन भागांत निघाला होता, पहिल्यात मजकूर आणि दुसऱ्यात नकाशे. भाऊसोंकडे पहिला होता. त्यात कालव्याचं वर्णन जरा रंगात आलं की हटकून लिहिलेलं असायचं, नकाशा भाग दुसऱ्यात पाहावा. पुण्याच्या रद्दीवाल्यांपासून मिरजेच्या बाजारापर्यंत त्यांनी पायाचे तुकडे पाडले, पण दुसरा भाग काही मिळेना.

"वाळवीला तरी सांगून ठेवा," त्यांच्या बायको संयोगिताबाई म्हणायच्या, "पहिला खाऊन झाला की दुसरा मिळायचा न्हाई."

अशात मुलीला, उत्कर्षाला, कवठे महांकाळकडचं स्थळ आलं. मुलगा इंद्रजित जनावरांचा डॉक्टर. एकमेकांना पसंत पडले आणि रीतीप्रमाणे मुलीकडच्यांनी घर बघायला जायचं ठरलं. संयोगिताबाईंचा गुडघा धरला होता, म्हणून बापलेकच निघाले.

"बाकी काय बघू नका," संयोगिताबाईंनी निघताना बजावलं. "दुष्काळी भाग हाय. पाण्याचं तेवढं नीट इचारून या. तुमी पाटबंधाऱ्यातलं माणूस, तुमाला काय सांगायचं."

भाऊसोंना हे सांगणं अपमानाचं वाटलं. पाण्याचं काय ते मला शिकवणार का, असं मनात म्हणत ते गाडीत बसले.

मुलाच्या वडलांनी, आप्पासोंनी, दारात येऊन स्वागत केलं. भाऊसो सोप्यात टेकले, चहाचा कप उचलला, आणि समोरच्या काचेच्या कपाटात त्यांना तांबडा कातडी पुठ्ठा दिसला. त्यावरची सोनेरी अक्षरं अर्धी उडाली होती, पण तो पुठ्ठा भाऊसोंनी अंधारातही ओळखला असता. हा भाग दुसरा होता.

"ते व्हय?" आप्पासो म्हणाले. "जुना डाकबंगला पाडला तवा आमच्या वडलांनी आणलं. चित्रं लय भारी हायत. वाचायला मातुर कायच न्हाई त्यात."

त्यानंतर भाऊसोंना द्राक्षबाग दाखवली, गोठा दाखवला, गच्ची दाखवली. सगळीकडे ते वा वा म्हणाले. गोठ्यात तर एका म्हशीला उद्देशून त्यांनी "बांधणी उत्तम आहे" असं सांगितलं. आप्पासोंना पाव्हणा फार मोकळ्या मनाचा वाटला.

घरी आल्यावर संयोगिताबाईंनी उलटतपासणी घेतली.

"खोल्या किती?"

"भरपूर."

"न्हाणी आत का भाईर?"

"असंल की कुठंतरी."

"आन् पाणी?"

उभा जन्म पाण्यात काढलेल्या माणसानं पोरीच्या सासरी नळ आहे की नाही, एवढंही विचारलं नव्हतं. संयोगिताबाईंनी लेकीकडे पाहिलं. ती म्हणाली, "मला काय इचारतीस? पाणी बघायला आबा गेलेले."

मग भाऊसो एकटेच पुन्हा निघाले. पाण्याचं विचारायला, असं सांगून. पण पिशवीत त्यांनी भाग पहिला टाकला होता, आणि पाण्याला त्याची काही गरज नव्हती.

ती दुपार त्यांच्या आयुष्यातली फार सुखाची दुपार ठरली. दोघे व्याही, अजून न झालेले, सतरंजीवर पालथे पडले. भाऊसो पहिल्या भागातलं इंग्रजी मराठीत सांगायचे आणि आप्पासो दुसऱ्या भागात ती जागा बोटानं शोधायचे. शेवटी आप्पासोंच्याच शिवाराचा नकाशा निघाला. कालव्याची निळी रेघ शिवाराच्या अलीकडेच थांबली होती आणि पुढे कागद कोरा होता. भाऊसोंनी मजकूर वाचला, या भागात पाणी नेणे अशक्य.

आप्पासो पोट धरून हसले. "आन् आता योजनेचं पाणी बागंत येतंय."

"घराला?" भाऊसोंच्या तोंडून एकदाचं निघालं.

"घराला न्हाई. उन्हाळ्यात टँकर लागतो. आला की बायामाणसांनी धावायचं. सोयरीक करताना लपवायचं कशाला?" असं म्हणून आप्पासोंनी भाग दुसरा वर्तमानपत्रात गुंडाळला. "ह्यो घिऊन जावा. तुमी काय आता परकं हाय?"

पुडकं भाऊसोंच्या मांडीवर आलं. टँकरचं घरी सांगितलं तर सोयरीक मोडणार आणि हे परत करावं लागणार. नाही सांगितलं तर नकाशे आपले. हा हिशोब आपण खरोखरच करतोय हे ध्यानात आल्यावर त्यांना स्वतःची शरम वाटली. बापानं नकाशे बघत बसायचं आणि पोरीनं टँकरमागं पळायचं.

"ठरल्यावर नेतो," ते म्हणाले, आणि पुडकं ठेवून घाईनंच उठले. आणखी थोडं बसलो तर मन बदलेल याची त्यांना खात्री होती.

पलूस जाईपर्यंत एसटीत त्यांनी तीनदा तरी स्वतःला गाढव म्हणून घेतलं. घरी येऊन मात्र टँकरचं सगळं सांगून टाकलं.

"मला ठाऊक हाय," उत्कर्षा म्हणाली. "तुमी कपाट बघत हुता तवाच सासूबाईंनी मला टाकी दाखवली. इंद्रजित नळासाठी मागं लागलाय. मला चालतंय. माझं ठरलंय."

"मग मला परत जाऊ कशाला दिलंस?"

"तुमी येऊन पाणी सांगताय का नकाशे, ते बघायचं हुतं."

भाऊसोंना एकदम बरं वाटलं. त्याच भरात भाग पहिला कपाटात ठेवायला त्यांनी पिशवीत हात घातला. पिशवीत छत्री होती. अहवाल तिकडे सतरंजीवरच राहिला होता.

"सुपारी फुटायच्या आधीच आंदण पोचवलं की," संयोगिताबाई म्हणाल्या.

"न्यायला उद्याच जातो," म्हणत भाऊसो उठू लागले.

"ऱ्हाऊ द्या आबा तिथंच," उत्कर्षा म्हणाली. "दोनी भाग एका जागी आलं. आता मला भेटायला यायला तुमाला निमित्त शोधायला नको."

पोरगी या घरातून जाणार, हे भाऊसोंना तेव्हा कुठे कळलं. इतके दिवस ते सोयरीक म्हणजे नकाशाच समजत होते. निमित्त कशाला लागतंय गं, असं त्यांना म्हणायचं होतं.

"नकाशे उन्हात ठेवू नको," एवढंच ते म्हणाले.