सहीऐवजी चिमणी

कवयित्री मॅरिन सोल्हाइम वारून दीड वर्ष झालं, पण तिच्या जुन्या मैत्रिणीचा, अर्डिस हॉफचा, तिच्यावरचा राग अजून धडधाकट होता. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे सुंभ एकीचा जळाला होता आणि पीळ दुसरीकडे राहिला होता. त्यातच विद्यापीठाच्या ग्रंथालयाने मॅरिनचे एकशे बारा खोके भरून कागद मोठ्या मानाने ठेवून घेतले. वर्तमानपत्राने त्याची अर्धं पान बातमी दिली आणि मधोमध चौकटीत ‘पंपाची मूठ’ ही कविता छापली. त्या सकाळी अर्डिसने कपातली कॉफी तशीच सिंकमध्ये ओतून दिली.

कविता सगळ्या राज्याला पाठ. सात वर्षांची पोर जानेवारीच्या थंडीत अंगणातल्या पंपाच्या लोखंडी मुठीला जीभ लावते, जीभ चिकटते, ओरडताही येत नाही. आई धावत येते, हातातली कोमट कॉफी ओतून जीभ सोडवते आणि मग पोरीच्या थोबाडीत देते. ती पोर अर्डिस होती. पंप तिच्या बापाच्या शेतावरचा, कॉफी तिच्या आईची, थप्पडही तिच्याच गालावरची. मॅरिन तर गावात वाढलेली, नळाचं पाणी प्यालेली. अर्डिसने ही हकीकत तिला पत्रातून कळवली आणि मॅरिनने तिची कविता करून नाव कमावलं. हे अर्डिस चाळीस वर्षं सांगत आली होती. चर्चच्या तळघरात रविवारच्या कॉफीला बसणाऱ्या बायकांना तर ते इतक्यांदा ऐकून झालं होतं, की पंप म्हटला की त्या केक आणायला उठत.

त्यावर कडी म्हणजे अर्डिस शाळेत मास्तरीण. आठवीच्या पुस्तकात ती कविता होती आणि अर्डिसला ती सत्तावीस वर्षं शिकवावी लागली. खाली प्रश्न असायचा : ‘कवितेतली मुलगी कोण असावी, असे तुम्हाला वाटते?’ दर वर्षी पोरं लिहीत, स्वतः कवयित्री. दर वर्षी अर्डिस त्याला पूर्ण गुण देई आणि घरी येऊन नवऱ्याशी भांडे.

ती स्वतःही कविता लिहायची. तीन बारीक पुस्तकं निघाली होती, त्यांच्या उरलेल्या प्रती जिन्याखालच्या कपाटात होत्या. तिचे कागद तळघरात कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी सफरचंदांच्या दोन पेट्यांत पडले होते. ते मागायला कोणी आलं नव्हतं.

म्हणून मार्चमधल्या एका मंगळवारी, रस्त्यावर बर्फाचा चिखल असताना, चौऱ्याहत्तर वर्षांची अर्डिस अडीच तास गाडी हाकत विद्यापीठात आली. एकोणऐंशीच्या जानेवारीत लिहिलेलं ते पत्र शोधायचं, त्याचा फोटो काढायचा आणि त्याच वर्तमानपत्राला पाठवायचा, एवढंच तिला करायचं होतं. बघू मग चौकटीत काय छापतात ते.

हस्तलिखित विभागाच्या दारात लिनेट नावाच्या बाईने तिचा कोट, पर्स आणि पेन कपाटात ठेवायला लावलं. लिनेटनेच वर्षभर खपून हे सगळे खोके लावले होते. तिने अर्डिसच्या हातात एक पेन्सिल, दोन कोरे कागद आणि खोक्यांची यादी दिली. एका वेळी एकच खोका मिळेल आणि त्यातलं एकच फोल्डर उघडायचं, असं ती म्हणाली. आयुष्यभर पोरांना असंच बजावत आलेल्या अर्डिसला ते मुळीच आवडलं नाही.

यादीत पत्रव्यवहाराचे चौदा खोके होते, आडनावांप्रमाणे लावलेले. अर्डिसने बोट ठेवून ‘एच’ शोधला. हॉफ नव्हतं. होल्मग्रेन होतं. होल्मग्रेन म्हणजे मॅरिनचा दातांचा डॉक्टर. त्याला स्वतंत्र फोल्डर होतं, वर नाव आणि सालं. पुढे मॅरिनच्या छताची गळती काढणारा माणूस होता. कुत्र्याचं औषधपाणी करणारी बाई होती. आणि जिने बारा वर्षं दर पंधरवड्याला पत्र लिहिलं, ती कुठेच नव्हती. मॅरिनने फेकून दिली असतील. चोराने आधी पुरावा जाळावा, तसं. अर्डिसच्या अंगाचा असा तिळपापड झाला की शेवटची दोन पानं न बघताच तिने यादी मिटली आणि ‘पंपाची मूठ’च्या कच्च्या खर्ड्यांचा खोका मागवला.

खोका तळमजल्यावरून यायला वेळ होता. तोवर तिने बाहेरच्या बाकावर बसून घरून आणलेलं अंड्याचं सँडविच काढलं. शेजारी एक तिशीची मुलगी दही खात होती. तिचं नाव कॅमिल, लांबून दक्षिणेतून आलेली, मॅरिनवर प्रबंध लिहिणारी.

“तुम्हीपण मॅरिनसाठीच आलात?” कॅमिलने विचारलं.

“नाहीतर कशाला मरायला येईन इथे?” अर्डिस म्हणाली.

कॅमिल हसली. “खरं सांगू? मी आता मॅरिनसाठी येतच नाही. मी चिमणीसाठी येते.”

चिमणी कोण, हे तिने न विचारताच सांगितलं. यादीच्या अगदी शेवटी ‘अनोळखी’ म्हणून तीन खोके होते. त्यांत एकाच बाईची शेकडो पत्रं. पाकिटं टाकून दिलेली, खाली नावाऐवजी दोन रेघांत काढलेली चिमणी. कोणाला तिचा पत्ता लागत नव्हता.

“आणि काय लिहिते हो ती! मॅरिनपेक्षा भारी. माझे सर तर म्हणतात, या प्रबंधातून मॅरिनला काढ आणि चिमणीलाच ठेव.”

अर्डिसच्या हातातलं सँडविच हातातच राहिलं. ती चिमणी तिची होती. मॅरिनशी बोलता बोलता पहिल्यांदा काढलेली, मग सवय झालेली. नाव ती कधी लिहीतच नसे, मॅरिनला ठाऊक नव्हतं थोडंच? तिच्या तीन पुस्तकांबद्दल कोणी इतकं बोललं नव्हतं. आणि गंमत अशी की पहिल्या क्षणी तिला आनंद झालाच नाही. तिला त्या चिमणीचा हेवा वाटला.

तोंड उघडून सांगून टाकावं असं मनात आलं. पण आधी पत्र हातात येऊ दे, मग सांगू, असं ठरवून तिने सँडविचचा घास घेतला.

“पंपाचा खोका आज तुमच्याकडे आहे ना?” कॅमिल म्हणाली. “तुमचं झालं की माझा नंबर आहे. सावकाश होऊ दे हं.”

खोका आल्यावर तिसऱ्या फोल्डरमध्ये ते पत्र निघालं. मॅरिनने फेकलं नव्हतं, खर्ड्यांबरोबरच टाचून ठेवलं होतं आणि लिनेटने ते तिथून हलवलं नव्हतं. निळा कागद, गंजलेल्या टाचणीचा डाग. अर्डिसने वाचायला घेतलं. पंप, जीभ, कॉफी, थप्पड, सगळं होतं. मॅरिनच्या कवितेतल्या दोन ओळी तर जशाच्या तशा तिच्या. अर्डिसने फोन उचलला, फोटो काढण्यासाठी कागद सरळ केला आणि पान उलटलं.

मागे चारच ओळी होत्या. ‘मी आठ वेळा लिहून पाहिलं, नुसती हकीकत होते. तू घे. आता ही तुझी झाली, मी परत मागणार नाही.’ खाली चिमणी.

अर्डिसने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. अक्षर तिचंच होतं. हे लिहिल्याचं तिला आठवत नव्हतं. नव्हतं म्हणजे, चाळीस वर्षांत ज्या भागाची गरज पडली नाही तो भाग ती विसरली होती.

पुढे अकरा खर्डे होते. प्रत्येकाच्या वर मॅरिनच्या तिरप्या अक्षरात अर्पणाची एक ओळ : ‘जिची जीभ, तिला.’ शेवटच्या खर्ड्यावर ती खोडलेली आणि समासात लिहिलेलं, ‘चिमणीची इच्छा. मला पटत नाही.’ त्यामागे दुसरं पत्र होतं, एक्क्याऐंशी सालचं, एकच पान. ते मात्र अर्डिसला वाचण्याआधीच आठवलं. ‘ती ओळ काढ आणि माझं नावही छापू नकोस. दुसऱ्याच्या कवितेतली मुलगी म्हणून मला ओळखलेलं चालणार नाही. माझं स्वतःचं पुस्तक येतंय. तुझ्याहून चांगलं येईल.’

पोटातली जळजळ त्या पानावर शब्दाशब्दात दिसत होती. आपलं नाव मॅरिनने पुसलं नव्हतं. आपणच पुसायला लावलं होतं.

तिने मान वर केली. लिनेट फोनवर कोणाशी तरी बोलत होती. पलीकडच्या टेबलावरून कॅमिल खोक्याकडे बघत होती, मधल्या सुट्टीची घंटा ऐकायला बसलेल्या पोरासारखी. अर्डिसने ते एक पान हळूच कोऱ्या कागदांखाली सरकवलं. स्वेटरची बाही सैल होती, काम अवघड नव्हतं. पण हे नेलं तर पहिलंही न्यायला हवं, नाहीतर ‘तू घे’ उरतंच. तिने पहिलं पुन्हा वाचलं, यावेळी मास्तरणीच्या नजरेने, चूक काढायला. चूक सापडेना. तिन्ही पुस्तकांत मिळून इतकं चांगलं काही तिने लिहिलं नव्हतं. तिने आयुष्यात लिहिलेलं सगळ्यात चांगलं पान ते होतं आणि तेच चोरायला ती निघाली होती.

दोन्ही पत्रं तिने होती तशी ठेवली, फोल्डर मिटलं आणि ते घेऊन लिनेटच्या टेबलाशी गेली.

“तुमच्या यादीत चूक आहे. ती चिमणी म्हणजे मी.”

लिनेटने सभ्यपणे मान हलवली. चेहऱ्यावर काही फरक पडला नाही. “मिसेस हॉफ, वाईट वाटून घेऊ नका. बातमी आल्यापासून यादी चाळून असं सांगायला दोघी येऊन गेल्या.”

“कोण दोघी?”

“नावं नाही सांगता येत. दोघी कविता करतात.”

कोण असतील हे अर्डिसला उभ्याउभ्या सांगता आलं असतं. एकीला तर साधं पत्र धड लिहिता येत नव्हतं.

“अक्षर ताडून बघावं लागेल,” लिनेट म्हणाली. “एखादी ओळ लिहून द्या. काहीही चालेल.”

तिने कोरा कागद पुढे केला. अर्डिसने पेन्सिल उचलली. मग पत्राकडे न बघता सावकाश लिहिलं : ‘तू घे. आता ही तुझी झाली, मी परत मागणार नाही.’ हात सवयीने खाली चिमणीची चोच काढायला गेला. तो तिने थांबवला आणि पूर्ण नाव लिहिलं, अर्डिस मरी हॉफ.

लिनेटने फोल्डर उघडून कागद पत्राशेजारी धरला. बराच वेळ बघितलं, मग खुर्चीवरून उठून उभी राहिली. कॅमिलही जवळ आली होती.

“हे तुमचंच,” लिनेट म्हणाली.

“अक्षर माझं,” अर्डिस म्हणाली. “कविता मॅरिनची. तसं लिहा यादीत. आणि मला ‘एच’मध्ये घाला, त्या दातांच्या डॉक्टरच्या आधी.”

कॅमिल तिच्याकडे डोळे विस्फारून बघत होती. अर्डिसने फोल्डर तिच्यासमोर सरकवलं.

“घे, तुझा नंबर. यात माझी दोन पत्रं आहेत. दुसरं वाचून माझ्याबद्दल काय वाटायचं ते वाटू दे, लिहायचं ते लिही. फक्त आधी पहिलं वाच.”

ती कोट घ्यायला कपाटाकडे वळली.