अस्तरावरचे डाग

"ताई, एक सांगू का? मघाशी आजींच्या बोटात सुई गेली. त्यांना कळलंसुद्धा नाही. एकदा डॉक्टरला दाखवा."

मशीन बसवायला आलेला माणूस दारात चपला घालता घालता हे म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याने पिशवीतून वाढीव वॉरंटीचं रंगीत पत्रक काढलं. तिथेच सगळं बिनसलं. आधी घाबरवायचं आणि मग खिशात हात घालायला लावायचं, ही तऱ्हा तिला चांगलीच ठाऊक होती. पाणी शुद्ध करायचं यंत्र विकणाऱ्यानेही तिला तासभर जंतूंची चित्रं दाखवली होती. "बघू," म्हणून तिने पत्रक तेवढं घेतलं आणि दार लावलं.

त्याला आता अकरा महिने होऊन गेले होते. बारावा संपायच्या आत वॉरंटी वाढवली नाही, तर नंतर वाढवता येणार नव्हती. आणि तिचं काही ठरत नव्हतं.

काळजी करण्यात तिचा हात धरणारं घरात कोणी नव्हतं. लेकीचं दूध ती दोनदा हुंगायची. प्लगच्या भोकांवर चिकटपट्ट्या लावायची, आणि त्या सुटल्या तर नाहीत ना, हे निजण्याआधी बघायची. कॉलेजात संख्याशास्त्र शिकलेली, त्यामुळे भीतीचेही तक्ते करायची. रजई शिवायच्या मशीनचा कुठला भाग साधारण कधी जातो, तो गेला तर काय, याची तिने वहीत तीन पानं भरली होती.

"अगं, रजयांचं मशीन आहे ते, विमान नाही," नवरा म्हणायचा. "घे, नाहीतर सोड."

"सोडली आणि पुढच्याच महिन्यात मोटर जळली तर?"

"तर आई हाताने शिवेल. आयुष्यभर तेच केलंय तिने."

ते काही खोटं नव्हतं. सासूबाईंनी एकतीस वर्षं तंबूच्या कारखान्यात जाड कापड शिवलं होतं. तिथे बोटात सुई गेली की बोट तोंडात घालायचं आणि पुढचा टाका घालायचा, अशी रीत. कोणी कळवळलीच तर मुकादम विचारायचा, "सुईचा पगार वेगळा हवाय का?" आणि सगळ्याजणी हसायच्या, सासूबाई सगळ्यांत मोठ्याने. नोकरी संपल्यावर त्या सात दिवस नुसत्या बसल्या. आठव्या दिवशी त्यांनी जुने कपडे कापून रजई शिवायला घेतली. पुढे मागण्या वाढल्या, डोळे शिणले, सांधे आखडले, म्हणून लेकाने हे मशीन आणलं.

बाहेरची खोली त्याने व्यापून टाकली. पलंगाएवढी चौकट, दोन्ही टोकांना रूळ, त्यांवर ताणलेलं कापड: खाली अस्तर, मध्ये कापूस, वर रंगीत तुकड्यांची जोड. त्यावरून मूठ धरून मशीन फिरवायचं. सासूबाई उजव्या हाताने मूठ धरत आणि डाव्या हाताने सुईजवळचं कापड सारखं करत. मग तोच डावा हात चौकटीखाली घालून अस्तर चाचपत, कुठे चुणी पडली नाही ना ते बघायला. कापडावरून बोट घसरू नये म्हणून त्याला रबराची टोपी, नोटा मोजणारे घालतात तसली. ती हल्ली त्या जेवतानाही काढत नसत.

त्या मंगळवारी तयार रजई चौकटीवरून उतरवून तिने उलटी केली, तर पांढऱ्या अस्तरावर तपकिरी डाग. वीतभर अंतरावर एकेक, ओळीने.

"आई, मशीन गळतंय! तेलाचे डाग बघा."

"असू दे गं. साध्या पाण्याने जातात. मागच्या दोन रजया मी धुऊनच दिल्या की."

"म्हणजे आधीपासून गळतंय? मग सांगायचं नाही का?"

"तुला सांगायचं म्हणजे घराला आग लागल्यासारखं करतेस. मला काही त्रास नाही त्याचा."

तेल साध्या पाण्याने जात नाही, हे शाळेतलं पोरही सांगेल. तिने ते वाक्य ऐकलं आणि सरळ पुढे गेली. खरं तर तिला सुटल्यासारखं वाटलं होतं. दोष सापडला होता, म्हणजे वॉरंटी घ्यायची हे ठरलं होतं. त्याच आठवड्यात खोलीत कसलासा कुबट वास येत होता, म्हणून तिने कापसाचे गठ्ठे दोन दिवस उन्हात घातले होते. त्याचीही तिने वहीत नोंद केली होती.

वॉरंटी वाढवण्याआधी मशीन तपासायचं, असा कंपनीचा नियम. गुरुवारी सकाळी आला तो तोच मशीनवाला. त्याने झाकण उघडलं, विजेरी मारून आत पाहिलं. चौकटीवर नव्या रजईचं कापड चढवलेलं होतं; त्याच्या कडेला कोरं पांढरं कापड टाचून त्याने पाव तास स्वतः मशीन चालवलं. कापड उलटं केलं. एकही डाग नाही.

"मशीन कोरडं ठणठणीत आहे, ताई. उलट तेल घालायला झालंय."

"मग हे डाग काय आभाळातून पडले?"

तो रजईवरच्या डागांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आजी, तुम्ही चालवा बरं जरा."

"आता परीक्षा माझी का?" म्हणत सासूबाई उठल्या. त्यांनी पाच मिनिटं मशीन चालवलं. सवयीने दोनदा डावा हात खाली घातला.

मशीनवाल्याने कापड उलटं केलं. दोन डाग. ओले.

"लाल," तिच्या कडेवरची लेक म्हणाली. नुकतेच रंग शिकत होती.

"आजी, बोटाची टोपी काढा."

"कशाला? काही झालेलं नाही मला."

"काढा तरी."

टोपी निघेना. सासूबाईंनी पायमोजा ओढावा तशी ती ओढली, चेहऱ्यावरची रेघही न हलवता. आणि तो कुबट वास खोलीभर झाला. बोटाचं टोक काळं पडलं होतं, पेरापर्यंत. शेजारच्या बोटालाही सूज होती. सासूबाई वाकून, दुसऱ्याचं काही बघावं तशा बघत राहिल्या.

"म्हणजे मशीन चांगलंय," त्या म्हणाल्या. "गळत होते, ती मी."

"मी तेव्हाच म्हटलं होतं," असं मशीनवाला म्हणाला नाही. म्हणाला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याने बटण बंद केलं आणि गाडी बघायला रस्त्यावर धावला.

"साखर कधीपासून आहे?" दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं.

"कसली साखर?" सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी मग तिच्याकडे बघितलं. "बोटांची जाणीवच गेलीय यांची. वर्ष तरी झालं असणार. घरात कुणाच्या लक्षात नाही आलं?"

तिने लेकीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

दोन बोटं काढावी लागली. चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, तळहाताचाही थोडा भाग जाईल, बघू. त्याच दिवशी वॉरंटीची मुदत संपत होती. तिने खाटेजवळ स्टूल ओढलं.

"आई, मशीनची आज शेवटची तारीख आहे."

सासूबाई हातावरच्या पांढऱ्या गुंडाळीकडे बघत होत्या. "तू शिकशील?"

"मला नाही जमायचं."

"मला तरी कुठे जमत होतं? काही बोललं नाही कुणी म्हणून चाललं." त्यांनी हात पांघरुणाखाली सरकवला. "नको घेऊस मग. आणि घरी गेलीस की रूळ सैल कर. नव्या रजईचं कापड चढवून ठेवलंय मी. ताण तसाच राहिला की कापड मरतं."

दुपारी व्हरांड्यात फोन आला. मशीनच्या कंपनीतल्या मुलीचा आवाज, पाठ केलेला.

"मॅडम, कारण काय नोंदवू? किंमत जास्त वाटली, मशीनमध्ये दोष आहे, की मशीन वापरात नाही?"

"वापरात नाही."

"मशीनबद्दल काही तक्रार?"

"नाही. मशीन उत्तम आहे."

"धन्यवाद मॅडम, आपला दिवस चांगला जावो."

संध्याकाळी घरी येऊन तिने दोन्ही रूळ सैल केले. ताणलेलं कापड हळूहळू खाली आलं आणि मध्यभागी झोळासारखं लोंबलं. तिने त्यावर चादर घातली. लेक येऊन तिच्या पायाला बिलगली आणि चादरीकडे बोट दाखवून म्हणाली, "आजी झोपली?" तिने लेकीला उचललं. स्वयंपाकघरात गेली, आणि ओट्याशी उभी राहिल्यावर तिला कळलं की तिचे कान भिंतीपलीकडे लागले आहेत. रोज इथे काम करताना पलीकडून मशीनची खडखड यायची. लेक रडली, दूध उतू गेलं, नवरा बाहेरगावी असला, तरी ती खडखड चालू असायची. निदान तिकडे सगळं ठीक आहे, असं धरून ती वर्षभर त्या आवाजावर विसंबून होती. तिच्या एकाही तक्त्यात सासूबाईंचं नाव नव्हतं.

तुमच्याही घरात भिंतीपलीकडून कुणाचा तरी आवाज येत असेल. भांड्यांचा, शिलाईचा, नुसता खोकल्याचा. आवाज येतोय म्हणजे ठीक आहे, असं धरू नका. उठा, आत जा, आणि एकदा नीट बघून या.