पंपासमोर

“इथं कुणीही मेलेलं नाही!” क्रेनच्या केबिनमधून उतरता उतरताच पैलवान ओरडला. “कुणाच्या डोक्यातून निघालंय हे? उचला ते सगळं!”

पेट्रोल पंपासमोर नारिंगी जाकिटं घातलेली चार माणसं रस्त्याच्या कडेला चुन्याच्या खुणा करत होती. लोखंडी कठड्याचे लांबलचक पत्रे ट्रकमधून उतरवून ठेवले होते. कॅमेऱ्याच्या खांबासाठी खड्डाही खणून झाला होता. आणि रस्ता कसा, तर पट्टीनं आखल्यासारखा सरळ. दोन्ही अंगांना मोकळं माळरान. इथं अपघात करायचा म्हटलं तर आधी सराव करावा लागला असता.

नारिंगी जाकीटवाल्यांनी खुणा थांबवल्या आणि एकमेकांकडे पाहिलं. पैलवान हे त्या माणसाचं टोपणनाव. अंगावर मूठभर मांस नाही म्हणून ते पडलेलं. पण गेली वीस वर्षं या रस्त्यावर उलटलेली प्रत्येक गाडी त्याच्याच क्रेननं उचलली होती, त्यामुळे त्याचा आवाज मात्र नावाला शोभेसा झाला होता.

रस्तेखात्याची तरुण इंजिनियर पुढे आली. हातातली पाटीएवढी स्क्रीन तिनं त्याच्यासमोर धरली.

“काका, ओरडू नका. हे बघा. दहा वर्षांत सतरा अपघात, अकरा मृत्यू. सगळे या पंपासमोर.”

स्क्रीनवर रस्त्याची काळी रेघ होती आणि रेघेवर एकच मोठा लाल ठिपका.

“मॅडम, त्या सतराच्या सतरा गाड्या मी उचलल्यात. एकही इथली नाही. सगळ्या मोरीच्या वळणावरच्या. इथून दोन किलोमीटर खाली.”

“मग पोलिसांच्या प्रत्येक कागदावर ‘पंपासमोर’ असं का लिहिलंय?”

पैलवानानं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्याची नजर पंपाकडे वळली.

उत्तर तिथंच दिसत होतं. पंपाच्या भिंतीलगत, सावलीत ठेवलेली प्लास्टिकची खुर्ची. फोन आला की पैलवान वळणावर जायचा. जखमींना तोवर कुणीतरी दवाखान्यात नेलेलं असायचं. रस्ता अडलेला, मागे गाड्यांची रांग, सगळे हॉर्नवर हात दाबून बसलेले. तो क्रेनचा आकडा टाकायचा, गाडी मोरीतून वर काढायचा आणि ओढत आणून ठेवायचा पंपासमोर, कारण मोकळी जागा इथंच. चौकीतल्या हवालदारांचे गुडघे दुखरे. ते मोरीच्या उतारावर कशाला जातात? ते या खुर्चीत बसायचे, गाडीभोवती एक फेरी मारायचे आणि कागद भरायचे. अपघाताचे ठिकाण, या रकान्यापाशी आले की मान वर करायचे. समोर पंप. लिहिलं, पंपासमोर.

सतरा वेळा पैलवानानंच त्यांच्यापुढे आणून ठेवलं होतं.

त्यातली एक गाडी दुधाची होती. सहा वर्षांपूर्वीची. तिच्यात त्याचा जावई होता.

कागदावर आलं होतं, सरळ रस्ता, पंपासमोर, चालकाची चूक. भर दिवसा सरळ रस्त्यावर गाडी उलटवणारा माणूस एक तर झोपलेला असणार नाही तर प्यायलेला. डेअरीच्या मालकानं तेच म्हटलं, लेकीच्या सासरच्यांनी तेच म्हटलं, आणि ज्यांनी जावयाला कधी पाहिलंही नव्हतं त्यांनीही तेच म्हटलं. अरे, वळणावर गेला तो, वळणावर! पैलवान शंभर जणांना सांगून थकला. शिक्क्याच्या कागदापुढे क्रेनवाल्याचं कोण ऐकतो? सहा वर्षं तो हवालदारांना मनातल्या मनात शिव्या घालत आला होता. कुणाकडून काय खाऊन असं लिहिलं असेल या माणसानं?

काहीच खाल्लं नव्हतं. समोर दिसलं ते लिहिलं होतं.

“चला,” तो मॅडमना म्हणाला. “बसा क्रेनमध्ये. वळण दाखवतो.”

मोरीच्या वळणावर जुन्या पुलाचा एक दगडी खांब उरला होता. गाडी वर ओढताना क्रेन मागे घसरू नये म्हणून पैलवान तारेचा दोर याच खांबाला अडकवायचा. खांबाला कमरेच्या उंचीवर खाच पडली होती, बोटाचं पेर बुडेल एवढी खोल.

“घाला बोट,” तो म्हणाला. “तुमच्या नकाशात हे आहे?”

मॅडमनी बोट घातलं.

पैलवानानं पाण्याचा डबा काढला आणि वळणाच्या मधोमध रिता केला. पाणी वळणाच्या आतल्या अंगाला यायला हवं होतं. ते सरसर बाहेर धावलं, थेट मोरीकडे.

“गाड्याही अश्शाच जातात.”

मॅडमनी पिशवीतून एक छोटं यंत्र काढून रस्त्यावर ठेवलं, आकडे पाहिले, चार पावलं पुढे जाऊन परत ठेवलं. मग त्या उकिडव्याच बसून राहिल्या.

“रस्ता उलटा कललाय. वळणावर आत हवा, हा बाहेर आहे. वेगातल्या गाडीला हा रस्ताच बाहेर फेकतो. आणि आपण सतरा जणांना दोषी धरलं...”

“आपण नाही. तुम्ही,” पैलवान म्हणाला. “वीस वर्षांत एकदा इथं उतरला असतात तर?”

त्यांनी मान खाली घातली. “खरं आहे. पण काका, मंजुरी नकाशावर मिळते आणि नकाशा कागदांवरून बनतो. ठिपका हलवायचा तर सतराही नोंदींना दुरुस्ती लागेल, हवालदारांच्या सहीची. शुक्रवारपर्यंत मी ठेकेदाराला थांबवते. त्यापुढे नाही जमणार.”

“आणि नाही मिळाल्या दुरुस्त्या तर?”

“तर कठडा पंपासमोर लागेल, कॅमेराही तिथेच. इथला नंबर पुन्हा कधी लागेल, सांगता येत नाही.”

पैलवान तसाच चौकीत गेला. हवालदार टेबलाखाली पाय लांब करून गुडघ्याला मलम चोळत होते.

“सतरा कागद चुकले म्हणून मी सही करू?” सगळं ऐकल्यावर ते म्हणाले. “डोकं ठिकाणावर आहे का, पैलवान? त्यातले निम्मे कोर्टात जाऊन आलेत. साहेब माझी सालटी काढतील.”

“सतरा माणसांना खोटं पाडलंत तुम्ही.”

“आणि गाड्या कुणी आणल्या माझ्यासमोर? मी ओढल्या?”

“मी आणल्या!” पैलवानानं टेबलावर हात आपटला. मलमाची डबी उडून खाली पडली. “माझी चूक मी बोंबलून सांगतो. तुमची तुम्ही सांगा.”

“गाड्यांचे नंबर तरी आठवतात का तुला? जुनी दप्तरं भिजली सगळी, रस्तेखात्याकडे गेली ती नुसती ठिकाणं. कशाची दुरुस्ती लिहू, तुझ्या कपाळाची? जा, पाणी पी आणि घरी जा.”

घरी लेक इस्त्री करत होती. दवाखान्यातल्या चादरी धुवायचं काम ती करायची आणि संध्याकाळी लोकांचे कपडे घरी आणायची. पैलवान तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. ठिपका, खुर्ची, आकडा. ती ऐकत होती. इस्त्री हातातच होती, सदऱ्यापासून वर धरलेली.

“म्हणजे तुम्ही लगेच उचलली नसती,” ती हळू आवाजात म्हणाली, “तर त्यांना तिथं जाऊनच लिहावं लागलं असतं.”

“रस्ता बंद होता गं. मागे रांग लागली होती. लोक हॉर्न वाजवत होते.”

“हॉर्न वाजवत होते म्हणून?”

तिनं इस्त्री उभी ठेवली. “बाबा, माझ्या सासूनं सगळ्यांदेखत विचारलं मला, रोज प्यायचा का गं? आणि तुम्ही म्हणताय हॉर्न वाजवत होते.”

पैलवान रात्री जेवला नाही. तीही जेवली नाही, पण ताट वाढून त्याच्यासमोर ठेवलं आणि तो उठेपर्यंत उचललं नाही.

गुरुवारी सकाळी दहाला फोन आला. फरशांचा ट्रक मोरीत गेला होता. चालकाचा हात मोडला होता, त्याला दवाखान्यात नेलं होतं. जीव वाचला होता.

पैलवान वळणावर पोचला तेव्हा ट्रकचा मागचा भाग निम्म्या रस्त्यावर आडवा होता. त्यानं क्रेन लावली, इंजिन बंद केलं, किल्ली खिशात टाकली आणि दगडी खांबाला टेकून बसला.

पाच मिनिटांत हॉर्न सुरू झाले. दहा मिनिटांत माणसं उतरून आली.

“ओ काका, झोपलात का? उचला की!”

“उचलतो. आधी कागद होऊ दे.”

“आम्हाला कामं आहेत!”

“मलाही आहे. वीस वर्षांचं तुंबलंय.”

खिशातला फोन वाजला. हवालदार पंपावरच्या खुर्चीतून बोलत होते. “पैलवान, गाडी कुठाय? आण की लवकर.”

“गाडी जिथं पडली तिथंच आहे. तुम्ही या.”

“माझे गुडघे...”

“माझ्या जावयाला गुडघेच राहिले नाहीत. या.”

अर्ध्या तासानं हवालदार रांगेतल्या गाड्यांच्या कडेकडेनं, उतारावर तोल सावरत चालत आले. घामानं निथळत होते. ते वळणावर थांबले, मोरीत पाहिलं, रस्त्यावर पाहिलं. इतक्या वर्षांत ते इथं पायी पहिल्यांदाच उभे होते. उभं राहताना त्यांचं वजन आपोआप बाहेरच्या पायावर गेलं, तसं ते दचकून मागे सरले.

मग क्रेनच्या बॉनेटवर कागद ठेवून त्यांनी लिहिलं.

“झालं. उचल आता.”

“वाचा.”

“मोरीचं वळण. बास?”

“आता मागचे सतरा.”

“अरे, लोक मारतील आपल्याला! आणि दप्तरं भिजली म्हणून सांगितलं ना? नंबर कुठून आणू?”

“मी सांगतो.”

पैलवानानं शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. चाळिशी उलटल्यावर तो अक्षरं शिकला ती उलटलेल्या गाड्यांच्या पाट्यांवरून, एकेक अक्षर रंगाऱ्याला विचारून. जे तसं शिकला ते विसरणं त्याला येतच नव्हतं. तो खांबाला टेकून उभा राहिला आणि सांगू लागला. नंबर, साल, कुठली गाडी, कुठल्या अंगावर पडली. हॉर्नच्या कल्लोळात त्याला प्रत्येक आकडा ओरडून सांगावा लागत होता. हवालदारांनी आधी दोनदा मान वर करून रांगेकडे पाहिलं. पैलवानाच्या हातात किल्ली नव्हती आणि डोळ्यांत गंमत नव्हती. मग ते मुकाट्यानं लिहीत राहिले, प्रत्येक दुरुस्तीखाली सही करत. पाचव्या नंबरानंतर ओरडणारी माणसं जवळ आली. आठव्यानंतर त्यांच्यातला एक जण मागे गेला आणि हात हलवून हॉर्न थांबवायला सांगू लागला. सगळे थांबले नाहीत. पण काही थांबले.

“सोळा झाले,” हवालदार म्हणाले. “शेवटचा?”

पैलवानानं पहिली दोन अक्षरं सांगितली. पुढचं येईना. पाठ होतं, डोळ्यांसमोर दिसतही होतं, पिवळ्यावर काळं, एका कोपऱ्यात दुधाचा ओघळ सुकलेला. त्यानं खांबाच्या खाचेवर अंगठा दाबून धरला.

हवालदारांनी मान खाली घातली आणि पुढचा अख्खा नंबर कुणाला न विचारता लिहिला. ठिकाणाच्या रकान्यात वळण लिहिलं. खाली सही केली. कागद फिरवून त्याच्यासमोर धरला.

“बरोबर आहे ना?”

पैलवानानं एकेका आकड्यावर बोट ठेवून वाचलं. मान हलवली. खिशातून किल्ली काढली.

मग त्यानं तारेचा दोर खांबाला टाकला. तो आपसूक खाचेत जाऊन बसला.