डांबर, चरबी आणि कोबीचं पाणी

मित्रांनो, लोखंडाला कसला आलाय धक्का, असं तुम्ही म्हणाल. बसतो हो! मला बसलाय आणि तो अजून उतरलेला नाही. मी रुमेनियाच्या डोंगरातल्या एका वाडीवरची म्हातारी जीप. अंगावरचा हिरवा रंग पोपडे धरून उडालाय, पण चारही चाकांत अजून जोर आहे. ज्या हातांनी मला रोज गोंजारलं, त्याच हातांनी माझा श्वास कोंडला! सांगतानासुद्धा माझं इंजिन थरथरतं.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी काय झोकात होते! आधी जंगलखात्याची नोकरी केली, ओंडक्यांच्या वाटा तुडवल्या. मग इलारिए आजोबांनी मला घरी आणलं. त्यासाठी त्यांनी आपले दोन घोडे विकले. कारण त्यांच्या बायकोची, सावेता आजींची, मूत्रपिंडं निकामी झाली होती. डायलिसिससाठी त्यांना एक दिवसाआड खाली शहरात न्यावं लागे, आणि हिवाळ्यात आमची खिंड बर्फाने भरली की तिथे घोडागाडी चालत नाही. मी चालते. मी थांबले, तर आजी संपल्या. एवढी साधी गोष्ट.

म्हणून आजोबा मला जिवापाड जपत. रात्री माझ्या बॉनेटवर घोंगडी टाकत. पाद्रीबाबांना बोलावून सब्जाच्या जुडीने माझ्यावर पवित्र पाणी शिंपडून घेत. मी घोडी नाही, हे मात्र त्यांच्या डोक्यात कधी शिरलं नाही.

"अहो, तिला गवत तेवढं घालू नका म्हणजे झालं," आजी हसत म्हणायच्या.

"तू गप गं. हिच्यामुळे तू आहेस," आजोबा म्हणायचे. मला केवढा अभिमान वाटे तेव्हा!

मग माझ्या पुढच्या अ‍ॅक्सलची, तेल आत अडवून धरणारी ऑईल सीलं गळायला लागली. सकाळी माझ्याखाली बर्फावर काळे डाग दिसत. आजोबांचा जावई तिबेरिउ शहरात गॅरेज चालवतो. त्याने नवी सीलं बसवली. थोड्याच दिवसांत ती गळाली. त्याने पुन्हा बसवली, पुन्हा गळाली.

"काय हो जावईबापू," आजोबा सगळ्या वाडीसमोर म्हणाले, "सील लावता की चाळणी?"

तिबेरिउ बिचारा लाल झाला. "बाबा, माल चांगला आहे. का गळतंय, मलाच कळत नाहीये."

"नाचता येईना, अंगण वाकडं!" आजोबांनी त्याला धुडकावून लावलं आणि माझी दुरुस्ती स्वतःच्या हातात घेतली. अरे देवा! माझ्या पुढच्या सांध्यावर एक रबरी बूट असतो. तो आतलं ग्रीस धरून ठेवतो, माती-पाणी आत येऊ देत नाही. त्याला बारीकशी चीर पडली होती. आजोबांनी काय करावं? मेंढीची चरबी आणली, बुटात ठासून भरली आणि वरून सुतळी आवळली! घोडागाडीच्या चाकाला त्यांचे वडील हेच लावत, आजोबाही हेच लावत.

आता सांगा, मेंढीच्या चरबीचा वास कोणाला आवडतो? अंगणातल्या उर्सूला! हा उर्सू म्हणजे आमचा अस्वलाएवढा धनगरी कुत्रा. तो येऊन माझ्याखाली शिरला, आधी चाटू लागला, मग चावू लागला. मी हॉर्नसुद्धा वाजवू शकत नव्हते. सकाळी बुटाच्या चिंध्या लोंबत होत्या आणि उर्सू मिशा चाटत होता. आजोबांनी पाहिलंही नाही. आजींना शहरात न्यायची वेळ झाली होती.

त्या दिवशीही नेहमीसारखी एक बरणी माझ्या सीटवर होती. आंबवलेल्या कोबीचं खारं पाणी. आजोबा म्हणत, आमच्या घरात कावीळ असो की डोकेदुखी, सगळे या पाण्यावर उठून बसलेत. आजींना वाटेत ते घोटघोट पाजायचं, हा त्यांचा नेम. आजींचे पाय सुजून टम्म झाले होते, जुने बूट चढत नव्हते. "सूज आहे, म्हणजे अशक्तपणा आहे. पी अजून," आजोबा म्हणायचे.

खिंडीच्या वळणावर माझा सांधा टकटक करू लागला. पुढच्या वळणावर तो कडाडून तुटला! पुढची चाकं मेली. एका बाजूला दरी, समोर बर्फ, सीटवर आजी. आजोबांचा चेहरा पांढराफटक पडला. "चल गं बाई, चल माझी राणी," ते मला विनवत होते. त्यांनी पुढची चाकं सोडवणारा मधला खटका ओढला आणि मी मागच्या दोन चाकांच्या बळावर खुरडत खुरडत उतरले. कशी उतरले ते मलाच ठाऊक.

दवाखान्याच्या दारात नर्स वाट बघत होती. आजींचे पाय बघून ती ओरडलीच. "किती वेळा सांगायचं? ते कोबीचं पाणी बंद करा! मीठ, आंबवलेलं, काही नको. यांच्या शरीराला ते बाहेर टाकता येत नाही, आतच साठतं. एक दिवस यांचं हृदय जागच्या जागी थांबेल!"

"शहरातल्या पोरी," आजोबा पुटपुटले, आणि मला तसंच खुरडत जावयाच्या गॅरेजात घेऊन आले.

तिबेरिउ माझ्याखाली शिरला. "बाबा, याच्यावर दातांचे वळ आहेत! आणि हे काय, चरबी?" तो थक्क झाला. मग त्याने माझ्या पुढच्या गिअरपेटीचं बूच सैल केलं, तर फुस्स! कोंडलेली हवा सुटली आणि गरम तेल थेट त्याच्या तोंडावर उडालं.

"आत एवढी हवा कशी?" त्याने तोंड पुसलं, पेटीच्या वर बोटांनी चाचपलं. "बाबा, इकडे या. इथे हिची श्वासाची नळी आहे. गाडी चालली की आतली हवा तापते, ती इथून बाहेर पडते. इथे डांबर फासलंय. वाट बंद, म्हणून हवा सीलं ढकलून बाहेर येत होती. तेल त्यामुळे गळत होतं. मी शंभर सीलं बसवली असती तरी गळालीच असती."

"डांबर मीच लावलं," आजोबा म्हणाले. आमच्याकडे मेंढ्या डोंगरावरून उतरल्या की हिवाळ्याआधी प्रत्येक घोडागाडीचे आस डांबराने माखतात. "थंडीपासून जपायला. चांगला जाड थर दिला."

मित्रांनो, माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. इतके दिवस मी सीलांना शिव्या दिल्या, जावयाला नावं ठेवली. आणि मला गुदमरवत होती ती माझ्या धन्याची माया!

तिबेरिउने सांधा नवा घातला, त्यात ग्रीस भरलं, नवे बूट चढवून पट्ट्या आवळल्या. सीलं हलकेच ठोकून बसवली. श्वासाची नळी तारेने साफ केली. सासऱ्याला एका शब्दानेही टोचलं नाही. आजोबा ओंडक्यावर बसून होते. बघता बघता त्यांची नजर माझ्या सीटवरच्या बरणीकडे गेली आणि तिथेच खिळली.

"तिबेरिउ," ते हळूच म्हणाले. जावईबापू नाही, तिबेरिउ. "हेही डांबरच आहे का रे?"

आजोबा बरणी घेऊन उठले आणि गटारावर उपडी केली. निम्मं पाणी त्यांच्याच पायांवर सांडलं. "मी तिला मारत होतो रे," ते म्हणाले आणि लहान मुलासारखे रडले.

मग ते टोपी हातात घेऊन दवाखान्याच्या पायऱ्या चढले. त्याआधी ते कधीच आत गेले नव्हते, बाहेर माझ्यातच बसून राहायचे. नर्सला काय म्हणाले, ते आजींनी परतीच्या वाटेवर हसून हसून सांगितलं. "म्हणतात कसे, पोरी, हिला काय चालतं ते सांग, मी आता ऐकणार!"

मित्रांनो, जपा हो. आम्हा यंत्रांना जपा, आपल्या माणसांना जपा. पण हात लावण्याआधी एकदा विचारा, हिला काय हवंय. मला सुटे भाग मिळाले. आजींना कुठून मिळणार होते?

आता आजींच्या पायांत त्यांचे जुने बूट पुन्हा चढतात. ती बरणी आजोबांनी फेकली नाही. रोज संध्याकाळी ते ती माझ्या पुढच्या अ‍ॅक्सलखाली ठेवतात आणि सकाळी उठल्या उठल्या वाकून बघतात. बरणी कोरडी असते.