एका माणसाच्या दोन साखरा

"तीनशे बावन्नवरून एकशे अठ्ठेचाळीस!"

माइकवर आकडा पुकारला गेला आणि अख्खं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं. पुढच्या रांगेतल्या एक आजी पदराने डोळे पुसत होत्या. स्टेजवर माझा धाकटा भाऊ उभा होता. तोही डोळे पुसत होता.

मी मागच्या भिंतीला टेकून होते. रविवारची सकाळची ड्यूटी करून तशीच आले होते, पायांचे तुकडे पडले होते. भावजयीने रडून बोलावलं नसतं, तर घरी जाऊन आडवी झाले असते. चोवीस वर्षं मी हॉस्पिटलात सिस्टर आहे, त्यातली निम्मी मधुमेहाच्या वॉर्डात गेली. अंगारे देणारे, फुंकर मारणारे, मुळी उगाळून पाजणारे, सगळे पाहून झालेत. हे गुरुजी मात्र निराळे होते. ते काहीच देत नव्हते. उलट बोट टोचून साखर मोजायचं आमचंच यंत्र वापरत होते.

"मी कोण सांगणारा?" गुरुजी मधाळ आवाजात म्हणाले. "यंत्र सांगतंय. विज्ञान सांगतंय! मी फक्त तुमच्या पेशींची समजूत काढली. पेशी रुसतात हो. नवऱ्यासारख्या!"

बायका खळखळून हसल्या.

तिथला शिरस्ता ठरलेला होता. नेहमीसारखं जेवून, औषध घेऊन यायचं. आल्यावर एक संत्रं मिळायचं. ते स्वतःच्या हाताने सोलायचं, पण खायचं नाही, परातीत ठेवायचं. "साल म्हणजे अहंकार. सोला, सोला, मागे काही ठेवू नका!" मग पांढऱ्या कोटातला मदतनीस स्पिरिटच्या बोळ्याने बोट पुसून सुई टोचायचा. आकडा यायचा तीनशे, चारशे. त्यानंतर वीस मिनिटं डोळे मिटून बसायचं, पितळी घंगाळात हात धुवायचे, टॉवेलला पुसायचे आणि पुन्हा बोट पुढे करायचं. आकडा निम्म्यावर! मग आपलं इन्सुलिन 'त्यागपात्रात' टाकायचं. त्यागपात्र म्हणजे दाराजवळच्या खिडकीत, उन्हात ठेवलेली निळी प्लॅस्टिकची बादली.

भावाने इन्सुलिन टोचायची दोन्ही पेनं बादलीत टाकली. एक दिवसभर पुरणाऱ्या इन्सुलिनचं, दुसरं जेवणाआधीच्या.

मी त्याला जिन्यात गाठलं. "अरे, तुझ्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही. थेंबभरसुद्धा नाही. रुसायला तिथे आहे कोण?"

"ताई, यंत्र तुमचंच आहे ना? त्याच आकड्यावर वॉर्डात डोस देतेस ना रोज?"

आकडा मीही डोळ्यांनी पाहिला होता.

"तेवीस वर्षं झाली," तो हळू आवाजात म्हणाला. "दिवसाला चार सुया. मला कंटाळा आलाय गं."

तो लिफ्ट दुरुस्त करतो. अकराव्या वर्षी त्याचं इन्सुलिन सुरू झालं, तेव्हा मी नुकतीच नोकरीला लागले होते. सुई धरायला त्याला मीच शिकवलं, तेही संत्र्यावर टोचून टोचून. त्याचा कंटाळा मला कळत होता. मी तरी कुठे ताजीतवानी होते? रागाने मी पाठ फिरवली आणि घरी गेले. ते मला अजून बोचतं.

मंगळवारी सकाळी वॉर्डात सात नंबरच्या खाटेवरच्या शिंप्याची साखर मोजली. स्पिरिटने बोट पुसलं, टोचलं. चारशे अकरा. काल रात्रीपर्यंत माणूस ठीक होता! डॉक्टरांना फोन केला, त्यांनी बारा युनिट लगेच द्यायला सांगितलं. मी सिरिंज भरली. इन्सुलिन एकटीने द्यायचं नसतं, दुसऱ्या सिस्टरने तपासावं लागतं. तिने बाटली पाहिली, खुणा मोजल्या, कागदाशी ताडून पाहिलं. सगळं बरोबर.

तेवढ्यात चादर बदलणाऱ्या मावशी करवादल्या, "काय हो मास्तर, ही सालं उशीखाली कशाला कोंबलीत? चादर नुसती चिकट करून ठेवलीय!"

संत्र्याची सालं होती.

माझ्या हातात भरलेली सिरिंज होती. मी ती ट्रेमध्ये ठेवली. शिंप्याला हाताला धरून बेसिनवर नेलं, साबणाने हात धुवायला लावले, कोरडे केले आणि पुन्हा टोचलं. एकशे त्रेसष्ट.

मी तिथल्या स्टुलावर बसले. बोटावरचा रस रक्ताच्या थेंबात मिसळला होता आणि यंत्राने इमानदारीत रसाचीही साखर मोजली होती. बोळ्याने पुसून ती जात नाही, पाण्याने धुवावी लागते. हे मी दरवर्षी नव्या मुलींना शिकवते. आणि त्या सकाळी माझ्यामागे बावीस खाटा होत्या म्हणून मीच हात धुवायला लावले नव्हते. ती बारा युनिटं गेली असती, तर शिंपी तासाभरात घामाने डबडबून बेशुद्ध पडला असता.

मग गुरुजींचं घंगाळ डोळ्यांसमोर आलं. मी भावजयीला फोन लावला.

"ताई, मी तुम्हालाच करणार होते. पहाटेपासून उलट्या होतायत. पोट दुखतंय म्हणतात, श्वास जोरजोरात घेतायत. तोंडाला कुजक्या फळांसारखा वास येतोय."

"साखर मोजलीस?"

"आठ दिवस यंत्राला हात लावायचा नाही, शंकेने साखर वाढते, असं गुरुजींनी बजावलंय. आणि हे म्हणाले, पोटात काही नाही तर इन्सुलिन कशाला?"

"उपाशी असला तरी लागतं! रिक्षात घाल आणि आण. आत्ता!"

धुतलेल्या बोटावरही यंत्राला आकडा दाखवता येईना, इतकी साखर वर गेली होती. इन्सुलिन नाही म्हणून शरीर साखर जाळू शकत नव्हतं. ते चरबी जाळत सुटलं होतं आणि रक्तात आम्ल साचलं होतं. सलाइन, शिरेतून इन्सुलिन, दर तासाला तपासणी. संध्याकाळी त्याने डोळे उघडले. मी त्याची चादर सारखी केली. बाथरूममध्ये जाऊन रडले.

पुढच्या रविवारी आम्ही तिघंही सभागृहात गेलो. भाऊ खुर्च्यांना धरून धरून चालत होता.

"गुरुजी, माझी साखर मोजा," मी उभी राहिले. "मला मधुमेह नाही."

संत्रं हातात आलं. मी दोन्ही हातांनी सोललं. मग पिशवीतून साबण काढला, घंगाळात फक्त डावा हात धुतला, कोरडा केला आणि दोन्ही हात मदतनिसापुढे धरले. "आत्ताच मोजा. डोळे मिटायच्या आधी."

मदतनीस गुरुजींकडे बघत राहिला. तेव्हा भावाने स्वतःच यंत्र घेतलं, सराईतासारखं टोचलं आणि माइकवर वाचलं, "उजवा हात, तीनशे सदतीस. डावा हात, शहाण्णव."

सगळ्या माना गुरुजींकडे वळल्या.

गुरुजी सावरले. "तुमच्या मनातला द्वेष उजव्या हातात उतरला, ताई."

"मग डाव्यात काय प्रेम उतरलं का?" पुढच्या रांगेतल्या त्याच आजी म्हणाल्या, आणि एकदम हशा पिकला.

"तुम्हीही सोला ना एक," मी दुसरं संत्रं गुरुजींपुढे धरलं. त्यांची साधनेची वेळ झाली होती. ते आत गेले ते बाहेर आलेच नाहीत.

मग मी साधं सरळ सांगितलं. पहिला आकडा संत्र्याचा. दुसरा तुमचा, आणि तो खाली आहे, कारण तुम्ही घरून औषध घेऊन आला आहात. ज्याने साखर उतरवली, तेच तुम्ही बादलीत टाकताय. चमत्कार दिसला की टाळ्या वाजवण्याआधी विचारा: हेच दुसऱ्या पद्धतीने करून बघितलं तर काय होईल?

निम्मे लोक पटून उठले. निम्मे माझ्यावर चिडून उठले. त्यातले काही पुढच्या रविवारी दुसरं सभागृह शोधतील, हे मला माहीत आहे.

आजी बादलीत वाकून आपलं पेन शोधायला लागल्या. मी त्यांचा हात धरला. "ते नको. आठवडाभर उन्हात पडलंय, त्यातला जोर गेला असेल. उद्या सकाळी वॉर्डात या, नवीन देते."

"पण पोरी, हे टोचणं सुटणार कधी?"

भाऊ माझ्याकडे बघत होता. या प्रश्नाला टाळ्या मिळतील असं उत्तर माझ्याकडे कधीच नव्हतं.

"माझ्या भावाचं नाही सुटणार, आजी. तुमचं काय ते डॉक्टर तपासून सांगतील, आणि जे असेल ते खरं सांगतील."

आजींनी मान हलवली. घरी जायच्या आधी भावजयीने जेवणाचा डबा उघडला. भावाने नवं पेन काढलं, सदरा वर केला आणि थांबला. मग उठून बेसिनकडे गेला.

"साबण दे गं, ताई," तो म्हणाला. "आधी मोजतो."