मास्तरांचे हात आणि मी

मी एक जुने स्टिअरिंग आहे. रंगाने काळे, अंगाने गोल आणि स्वभावाने जरा हळवे. मित्रांनो, गाडीचे कौतुक करताना लोक इंजिनाचे नाव घेतात, रंगाचे घेतात, अगदी हॉर्नचेही घेतात. माझ्या वाट्याला येतो तो तळहातांचा घाम. पण माझी तक्रार नाही, कारण मास्तरांचे हात सतरा वर्षे मीच धरले आहेत.

कारखान्यात एकाच साच्यातून माझी शेकडो भावंडे बाहेर पडली. माझ्या नशिबी गणिताचे मास्तर आले. बाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, जुन्या पर्सचे चामडे उसवून मला अंगरखा शिवला.

"अहो, टाके जरा वाकडे आलेत," त्या म्हणाल्या.

"रस्ते तरी कुठे सरळ आहेत?" मास्तर हसले. ते टाके अजून घट्ट आहेत.

मास्तर निवृत्त झाले आणि त्याच सुमारास बाईंना पाठदुखी जडली. उपचारांसाठी दर मंगळवारी चाळीस किलोमीटरवरच्या इस्पितळात जावे लागे. बसचे धक्के त्यांना सोसत नसत, त्यामुळे सगळी भिस्त मास्तरांवर आणि माझ्यावर.

एका मंगळवारी परतताना पुढचे डावे चाक धाडकन खड्ड्यात गेले. मास्तरांनी उतरून पाहिले. टायर शाबूत दिसला, विषय मिटला. पण त्यानंतर मोठ्या रस्त्यावर वेग सत्तरच्या पुढे गेला की मी थरथरू लागे आणि गाडी डावीकडे ओढे.

दुसरा कोणी असता तर सरळ गॅरेज गाठले असते. पण मास्तरांच्या वडिलांचे हात उतारवयात कापत असत. मास्तरांना वाटले, आता आपली पाळी. गाडी डावीकडे जाते, म्हणजे डावा हातही जड झाला! बाईंना त्यांनी यातले अक्षरही सांगितले नाही. नुसते मला घट्ट आवळून बसत. मला तोंड असते तर मी ओरडले असते, "मास्तर, तुम्ही नाही हो, मी कापते आहे!" चोर सोडून संन्याशाला फाशी, ती ही अशी.

महिनाभराने ते एकटेच ओळखीच्या गॅरेजवाल्या मेस्त्रींकडे गेले.

"गाडीला गिऱ्हाईक बघा."

"का हो मास्तर? काय बिघडलंय?"

"गाडी ठीक आहे. माझेच हात कापतात, वडिलांसारखे. एक दिवस बायकोला घेऊन कुठेतरी धडकेन."

मेस्त्रींनी काठोकाठ भरलेला चहाचा पेला त्यांच्या हाती दिला. मास्तरांनी थेंबही न सांडता तो संपवला.

"दाढी करताना कापतात? सही करताना?"

"नाही."

"मग काय फक्त गाडीतच कापतात? आणि कधी, वेग घेतल्यावर की ब्रेक दाबल्यावर?"

"सत्तरच्या पुढे," मास्तर म्हणाले. जन्मभर मुलांना 'आधी गणित नीट वाचा' म्हणणाऱ्या माणसाने स्वतःचे गणित वाचलेच नव्हते.

मग मेस्त्री स्वतः गाडी घेऊन निघाले, मास्तर शेजारी. काटा सत्तरवर जाताच मेस्त्रींचे तेलकट हात थडथडू लागले.

"घ्या! तुमच्या वडिलांचा आजार मलाही झाला!"

परत आल्यावर त्यांनी जॅक लावून डावे चाक फिरवले. ते डगमगत फिरत होते. खड्ड्याने रिमची कड वाकली होती आणि तिथून हवा हळूहळू निसटत होती.

"चाक वाकडं फिरतंय म्हणून थरथर, आणि या बाजूची हवा कमी म्हणून ओढ. तुमच्या हातांचा काय दोष?"

त्यांनी स्टेपनी बॅलन्स करून बसवली, सगळ्या टायरांत हवा सारखी भरली, चाके सरळ रेषेत आहेत ना, ती अलाइनमेंटही तपासली. माझा जीव भांड्यात पडला.

मित्रांनो, खड्डा बसला की टायर पाहून थांबू नका, चाक दाखवून घ्या. आणि तुमच्या घरात कोणी स्वतःला दोष देत गप्प बसले असेल, तर मेस्त्रींसारखे शेजारी बसून विचारा, "कधी होतं? कशाने होतं?"

पुढच्या मंगळवारी बाई शेजारी होत्या. सत्तर झाले, पंचाहत्तर झाले, मी शांत. तेव्हा कुठे मास्तरांनी सगळे सांगितले.

"अहो, महिनाभर हे एकट्यानं सोसलंत?" बाईंनी विचारले.

मास्तरांनी वेग कमी करून गाडी कडेला घेतली. मी अगदी स्थिर होते. या वेळी मात्र गहिवराने हात खरोखरच त्यांचे कापत होते, आणि त्यांवर बाईंनी आपला हात ठेवला होता.