चेलोपासून सर्वांत लांबची खुर्ची

एकसष्ट सालच्या हिवाळ्यात रत्नप्रभेला जयपूर छावणीच्या हौशी ऑर्केस्ट्रात घेतलं, ते व्हायोलिन धरणारी माणसं कमी पडली म्हणून. बँडमास्तर डिसोझांनी तसं तोंडावरच सांगितलं. "चुकलात तर खुर्ची काढणार, बाई!"

सांगलीत ती मांडी घालून व्हायोलिन शिकली होती. इथे खुर्चीत बसूनच निम्मी दमायची. तान्ही अलका रजईत झोपली की न्हाणीघरात कोंडून घेऊन ती गज इतका हळू फिरवी, की तिचं तिलाच ऐकू येत नसे. त्यामुळे आपण सुंदर वाजवतो याची तिला खात्री होती. ही खुर्ची मात्र टिकायला हवी होती. तालमीपुरती ती कुणाची आई नसे. म्हणजे अलका रडत असेल का, एवढाच विचार करी.

बसवत होते डबल कंचेर्टो: पुढे व्हायोलिन आणि चेलोची जोडी, मागे सगळा ऑर्केस्ट्रा. कार्यक्रमाच्या दिवशी तिने नवऱ्याला बजावलं, "मध्येच 'वा' म्हणायचं नाही. ही आपली बैठक नव्हे."

"आणि शिंक आली तर?" कॅप्टन संभाजीरावांनी विचारलं.

"गिळा."

संथ भाग सुरू झाला. व्हायोलिनने एक सूर अर्धवट सोडला. सर्जन हणमंतराव मुळ्यांच्या चेलोने तो खालून अलगद उचलला, जरासा रेंगाळवला आणि असा काही जागेवर आणून ठेवला, की...

"वा!"

कोण हा अडाणी, म्हणून रत्नप्रभेने मागे वळून पाहिलं. सगळे तिच्याकडेच बघत होते. त्या गोंधळात तिच्या रांगेने वाजवून संपवलं, आणि मग तिचा एकटीचा सूर उशिरा, पण ठणठणीत निघाला.

कार्यक्रमानंतर ती व्हायोलिन पेटीत ठेवू लागली. डिसोझा आले.

"बाई, तुम्ही आता—"

"मास्तर," मुळे मध्येच म्हणाले, "माझ्या पेशंटांनीसुद्धा मला कधी 'वा' म्हटलेलं नाही. ह्या गेल्या तर मीही चाललो."

डिसोझांनी कपाळाला हात लावला. चेलोवाला दुसरा कुठून आणणार?

"बरं. पण बसायचं तिथे, ढोलांच्या मागे!"

पुढच्या तालमीला ती तिथे बसली. चेलो तिथूनही तितकाच गोड ऐकू येत होता. पदराचं टोक दातांत घट्ट धरून ती वाजवत राहिली.